उभ्या प्रेक्षकांच्या मागची जागा

(स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



सांगली जिल्ह्यात उभं राहून क्रीडांगणांवर बोलायचं, तर पहिलं नाव मुरलीकांत पेटकरांचंच घ्यायला हवं. पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्याच्या ईएमई दलात गेले, तिथं मुष्टियुद्ध खेळले, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढं 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक आणलं. 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आल्यापासून ही कथा शाळकरी पोरांनाही पाठ आहे, म्हणून मी ती पुन्हा सांगत बसत नाही.

मला विचारायचं आहे ते वेगळंच. हे पदक हायडेलबर्गला का मिळालं? त्या वर्षीचं ऑलिम्पिक तर म्युनिकला होतं. मग पॅरालिम्पिक दुसऱ्या गावात का भरलं?

कारण साधं आहे. म्युनिकच्या ऑलिम्पिकनगरीतली घरं स्पर्धा संपल्याबरोबर खासगी सदनिका म्हणून द्यायची ठरलेली होती. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना त्यानंतर उतरायला खोल्या उरणार नव्हत्या. म्हणून हायडेलबर्गच्या विद्यापीठाने यजमानपद घेतलं आणि पॅरालिम्पिक ऑलिम्पिकच्या आधीच, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं. त्याआधी 1960 साली रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं, तेव्हा खेळाडूंच्या वसतिगृहांना जिने होते आणि इटलीच्या सैनिकांनी माणसांना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेलं. 1968 साली मेक्सिकोने अडचणी सांगून अंग काढून घेतलं, स्पर्धा तेल अवीवला गेली. 1980 साली मॉस्कोने नकार दिला, ती नेदरलँड्समधल्या आर्नहेमला गेली. उन्हाळी ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक एकाच शहरात, त्याच मैदानांवर ही आजची पद्धत रुळली ती 1988 च्या सोलपासून.

मी धंद्याने वास्तुशिल्पी. त्यामुळे या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते. तलाव, धावपट्टी, भालाफेकीचं मैदान यांनी कुणाला अडवलं नाही. अडवलं ते खोल्यांनी, जिन्यांनी, दारांनी. खेळाडूंपुरता हा प्रश्न जगाने बराचसा सोडवत आणला. पॅरिसला 2024 साली भारताने 29 पदकं जिंकली, त्यात आपल्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींचं गोळाफेकीतलं रौप्य आहे, 16.32 मीटरचं. पण खेळाडू हा मैदानात येणाऱ्या माणसांतला अगदी थोडा भाग. बाकीचे हजारो लोक तिकीट काढून बसलेले असतात. त्यांच्यातल्या दिव्यांग माणसाचं काय? त्याला पदक नको आहे. त्याला चारचौघांसारखा सामना बघायचा आहे. आजचं व्याख्यान त्याच्याविषयी आहे.

'सुगम्य' म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा आणि पुष्कळदा शेवटीही रॅम्प आठवतो. रॅम्प हवाच, त्याचा उतारही नीट हवा. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी लागते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन पैलवान लागतात आणि उतरताना देव लागतो. पण समजा, रॅम्प चोख आहे, दार रुंद आहे, माणूस आपल्या जागेवर पोहोचला. पुढं काय?

पुढं फलंदाजाने चेंडू उंच मारला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि व्हीलचेअरवरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आले पुढच्या रांगेतल्या लोकांचे सदरे. चेंडू सीमेपार गेला की झेल झाला, हे त्याला गर्जनेवरून कळलं. लोक खाली बसले तेव्हा पडद्यावर पुन्हा दाखवत होते. घरी टीव्हीवरही तेच दिसलं असतं आणि तिकिटाचे पैसे वाचले असते.

माझ्या मते क्रीडांगणाची सुगम्यता मोजायची ती नेमकी या क्षणी. सगळे बसलेले असताना कुठूनही दिसतं. सामना ज्यासाठी लक्षात राहतो, तो क्षण लोक उभे राहून बघतात. तो ज्याला दिसत नाही, त्याला आपण आत घेतलं खरं, पण सामना दाखवला नाही.

यामागचं गणित अवघड नाही. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 110 ते 130 सेंटिमीटरवर असतात. पुढं उभा राहिलेला माणूस 170 सेंटिमीटरचा धरा. म्हणजे मागची जागा पुढच्या रांगेपेक्षा दोन फूट तरी वर हवी, आणि नजर मैदानाकडं उतरती जाते म्हणून आणखी थोडी वर. प्रेक्षागृह आखणारे लोक नजरेची रेषा पुढच्या डोक्यावरून किती अंतर राखून जाते ते मोजतात. त्याला 'सी-व्हॅल्यू' म्हणतात; 120 मिलिमीटर उत्तम, 90 ठीक, 60 च्या खाली गेलं की लोक माना वाकड्या करतात. हे गणित प्रत्येक नकाशात होतं. फक्त ते बसलेल्या माणसाच्या मागं बसलेला माणूस धरून होतं. उभ्या माणसाच्या मागं बसलेला माणूस कुणी धरत नाही.

हे आपल्या पूर्वसुरींना कळत नव्हतं असं नाही. कोल्हापूरचं खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांच्या काळातलं, 1912 सालचं. मध्ये आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली खोलगट बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते. नजरेच्या रेषेचा इतका चांगला धडा आपल्या दाराशी आहे. त्या बैठकीवर पोहोचायला पायऱ्या आहेत हे खरं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या बांधकामाला त्यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. आज जे बांधतो, त्याला लावायचा.

उभ्या प्रेक्षकांचा हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. तिथं दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 1990 सालचा. त्याखालच्या नियमांत एवढंच लिहिलेलं होतं की व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला इतरांशी तुल्य अशी नजरेची रेषा मिळावी. 'तुल्य' म्हणजे बसलेल्यांशी की उभ्यांशी? सरकारी खात्याने एका माहितीपुस्तिकेच्या पुरवणीत सांगितलं, लोक उभे राहतात अशा ठिकाणी उभ्यांच्या वरून दिसलं पाहिजे. वॉशिंग्टनमध्ये एमसीआय सेंटर हे बंदिस्त स्टेडियम उभं राहत होतं, तेव्हा अर्धांगवायू झालेल्या माजी सैनिकांची संघटना कोर्टात गेली. 1997 साली अपील कोर्टाने संघटनेच्या बाजूने कौल दिला: सगळ्या नाहीत, तरी बहुतांश जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या वरून दिसलंच पाहिजे. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या एका खुल्या नाट्यगृहाच्या खटल्यात दुसऱ्या अपील कोर्टाने उलट निकाल दिला. म्हणाले, पुस्तिकेतली पुरवणी म्हणजे नियम नव्हे. नियम करायचा तर रीतसर करा. शेवटी 2010 च्या मानकांत हे पांढऱ्यावर काळं लिहिलं गेलं, तेव्हा वाद मिटला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तिका वेगळी आणि नियम वेगळा, याकडं मी परत येणार आहे, कारण आपल्या देशात तेच झालं.

जागा किती हव्यात? अमेरिकेच्या मानकात पाच हजार आसनांपर्यंत 36, पुढं दर दोनशेला एक. इंग्लंडमध्ये 'अ‍ॅक्सेसिबल स्टेडिया' नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्या हिशेबाने वीस ते चाळीस हजारांच्या स्टेडियमला 150 आणि वीस हजारांवरच्या दर हजाराला तीन. वानखेडेची आसनसंख्या 2011 च्या विश्वचषकासाठी झालेल्या पुनर्बांधणीनंतर 33 हजारांच्या आसपास आहे. तो आकडा धरला तर अमेरिकी हिशेबाने 176 जागा येतात, इंग्रजी हिशेबाने 189. दोन देश, दोन सूत्रं, आणि उत्तर जवळपास एकच. म्हणजे हा आकडा कुणाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. आणि प्रत्येक जागेशेजारी सोबत्याची एक खुर्ची हवी. आपल्याकडं सामना म्हणजे चार मित्र, दोन चुलतभाऊ आणि डब्यातला चिवडा. त्यातल्या एकाला 'तुम्ही तिकडं कोपऱ्यात' म्हणून वेगळं काढलं, तर तो पुढच्या वेळी येत नाही. मग व्यवस्थापक म्हणतात, मागणीच नाही.

'जुन्या स्टेडियमात जागा कुठून काढायची?' हा नेहमीचा सवाल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले क्लब पैशाने गडगंज. तरी 2014 साली बीबीसीने तपासलं तेव्हा वीसपैकी सतरा क्लबांकडं मार्गदर्शिकेइतक्या व्हीलचेअरच्या जागा नव्हत्या. बोंब झाली, संसदेत प्रश्न आले, आणि 2015 च्या सप्टेंबरात सगळ्या क्लबांनी ऑगस्ट 2017 पर्यंत पूर्तता करण्याचं कबूल केलं. मुदत आली तेव्हा सगळ्यांची कामं पुरी झालेली नव्हती, हेही सांगायला हवं. कंत्राटं लांबणं ही काही आपलीच मिरासदारी नाही. पण मँचेस्टर युनायटेडसारख्या क्लबाने वर्षानुवर्षं सीझन तिकिटावर बसणाऱ्यांच्या खुर्च्या हलवून व्हीलचेअरच्या जागा दुपटीहून अधिक करण्याची योजना आखली. ओल्ड ट्रॅफर्ड हे 1910 सालचं स्टेडियम आहे. ठरवलं, तेव्हा जागा निघाली.

आता आपला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, अमलात आला 19 एप्रिल 2017 रोजी. त्यात 'सार्वजनिक इमारत' याची व्याख्या फार विस्तृत आहे. सरकारी असो वा खासगी, लोकांच्या वापरातली आणि करमणुकीसाठी असलेली इमारतही त्यात येते. म्हणजे क्रिकेट संघटनेच्या मालकीचं स्टेडियम 'आम्ही खासगी' म्हणून सुटत नाही. कलम 30 खेळाविषयी आहे; क्रीडा सुविधा दिव्यांगांसाठी नव्याने आखाव्यात असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम 44. नकाशा नियमांप्रमाणे नसेल तर बांधकामाला परवानगी नाही. बांधकाम नियमांप्रमाणे नसेल तर पूर्णत्वाचा दाखला नाही आणि इमारतीत पाऊल टाकायचं नाही. कलम 45 जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत देतं. नियम 15 जून 2017 रोजी निघाले. ती मुदत कधीच उलटली.

मग अडलं कुठं? अडलं ते तिथंच, जिथं अमेरिकेचं अडलं होतं. आपल्याकडच्या नियम 15 ने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडं बोट दाखवलं, ती स्वभावतः शिफारशी होती. करावं, असावं, शक्यतो. नगररचना विभागातल्या माणसाने दाखला अडवायचा कशावर, तर 'शक्यतो'वर? राजीव रतुरी या अंध कार्यकर्त्याने 2005 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात 2017 साली सविस्तर आदेश झाले, आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने सरळ सांगितलं की नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत आहे; बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगायचा तर हा: काही गोष्टी हळूहळू होतील, पण किमान काय हवं हे आज ठरलं पाहिजे आणि ते न केल्यास भोगवटा मिळता कामा नये. याचिका दाखल झाल्यापासून इथवर यायला एकोणीस वर्षं लागली. कायदा मोडल्याचा दंड मात्र पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. आयपीएलच्या एका सामन्याच्या फटाक्यांवर याहून अधिक जळत असेल. म्हणून माझा भरवसा दंडावर नाही, दाखल्यावर आहे. कंत्राटदाराचं शेवटचं बिल ज्या कागदाला बांधलेलं असतं, तोच कागद हाती धरायचा.

इमारतीपलीकडच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रवास तिकिटापासून सुरू होतो. ऑनलाइन नकाशावर सगळ्या स्टँडच्या खुर्च्या रंगीत दिसतात, पण व्हीलचेअरची जागा त्यात नसेल आणि 'कार्यालयाशी संपर्क साधा' असं असेल, तर विक्री दहा मिनिटांत संपणाऱ्या सामन्याचं तिकीट त्या माणसाला मिळणं अशक्य. अमेरिकेत ही तिकिटं त्याच वेळी, त्याच पद्धतीने, त्याच किमतीच्या श्रेणींत विकावी लागतात आणि बरोबरच्या तिघांपर्यंतची लगतची तिकिटं काढता येतात. यात सिमेंटचा एक कणही लागत नाही. मग सुरक्षा. काठी, कुबडी, औषधाची पिशवी, लघवीची पिशवी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या: गेटवरच्या पोऱ्याला यातलं काय आत जाऊ द्यायचं हे आधी सांगितलेलं नसतं, आणि मागं रांग ओरडत असते. मग स्वच्छतागृह. एका जिल्ह्याच्या गावच्या संकुलात मला दिव्यांगांचं स्वच्छतागृह दाखवलं. कुलूप काढलं तर आत मागच्या वर्षीचे फ्लेक्स आणि शर्यतींचे अडथळे रचून ठेवलेले. नियमाप्रमाणे बांधलेलं होतं, मापं बरोबर होती. आणि शेवटी बाहेर पडणं. 4 जून 2025 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली. धडधाकट माणसाला जिथं वाट मिळत नाही, तिथं संकटात लिफ्ट बंद झाल्यावर व्हीलचेअरवाल्याने थांबायचं कुठं आणि त्याला न्यायला कोण येणार, हे आराखड्यात नावानिशी लिहिलेलं असलं पाहिजे. बहिऱ्या प्रेक्षकाला भोंग्यावरची सूचना ऐकू येत नाही. ती मोठ्या पडद्यावर अक्षरांत यायला हवी. पडदा तर जाहिरातींसाठी आहेच.

अंध प्रेक्षक स्टेडियमात कशाला येतो, असं काही लोक विचारतात. ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन रेडिओवर ऐकलं आहे, त्यांनी तरी हे विचारू नये. आपल्या दोन पिढ्यांनी क्रिकेट कानांनीच बघितलं. लोक स्टेडियमात बसूनही ट्रान्झिस्टर कानाला लावत. अंध माणसाला हवी आहे ती गर्दीची लाट आणि त्याबरोबर चाललेलं वर्णन, एकाच वेळी. मोबाइलवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागं असतं, म्हणजे गर्जना आधी आणि चेंडू नंतर. सगळी मजा गेली. म्हणून इंग्लंडमधली अनेक मैदानं आतल्या आत, थेट प्रसारित होणारं वर्णन छोट्या हेडसेटवर देतात. एक समालोचक, एक लहान प्रक्षेपक, काही हेडसेट. मराठीत हे करायला माणसं मिळतील याविषयी मला शंका नाही. कुस्तीच्या मैदानात माइकवर तासन्‌तास बोलणारे निवेदक आपल्याकडं गावोगाव आहेत. गोंगाट आणि झगमगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी सुंदरलँडच्या फुटबॉल क्लबने 2015 साली काचेआडची एक शांत खोली केली, तिथून मैदान दिसतं, आवाज येत नाही. आपल्याकडं अशा खोल्या आहेतच. त्यांना कॉर्पोरेट बॉक्स म्हणतात.

तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, हे सगळं मुंबई-पुण्याचं. तसं नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार दिव्यांग नोंदले गेले, आणि ते सगळे चर्चगेटच्या आसपास राहत नाहीत. आपल्याकडं तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुलं उभी राहत आहेत. तिथं कबड्डीचे सामने होतात, शाळांच्या स्पर्धा होतात, आणि बघायला गाव येतं. नव्या बांधकामात सुरुवातीलाच आखलं तर हा खर्च किरकोळ असतो. नंतर फोडून करायचं म्हटलं की तो अवजड होतो. पैसा नाही म्हणू नका. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत, आणि वर्षअखेरीला ते कशावर खर्च करावेत या विवंचनेत कितीतरी मुख्याधिकारी असतात. 2022 साली राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातंही केलं.

सभागृहात माझ्या व्यवसायातले काही तरुण दिसत आहेत, त्यांना एवढंच सांगतो: प्रेक्षागृहाचा छेद काढताना एक माणूस उभा काढा आणि त्याच्या मागं व्हीलचेअरवरचा माणूस काढा. त्याच्या डोळ्यापासून मैदानापर्यंत पट्टीने रेघ ओढा. रेघ पुढच्याच्या डोक्याला लागली तर नकाशा परत टेबलावर घ्या, साहेबांच्या सहीला पाठवू नका.

आणि बाकीच्यांना विनंती. तुमच्या तालुक्याच्या संकुलाचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. व्हीलचेअरच्या जागा किती, कुठं, स्वच्छतागृह कुठं, ते बघा. काम चालू असेल तर दाखला निघण्याआधी लेखी हरकत द्या. काम पूर्ण झालं असेल आणि जागा नसतील, तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार करा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीची चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि तक्रार द्यायला वकील लागत नाही.